ताराचं वाळवंट

मार्च लागला की आमच्या इमारतीचा आवाज बदलतो. एरवी संध्याकाळी शिवाजी पार्कावरून बॅटचे ठोके आणि पोरांची भांडणं ऐकू येतात. मार्चात ती निम्मी होतात आणि जिन्यातून, गच्चीतून, बंद दारांमागून पाठांतराची गुणगुण सुरू होते. वरच्या मजल्यावरची मुलगी येरझाऱ्या घालत सनावळ्या पाठ करते. ती खिडकीकडे वळली की आवाज मोठा होतो, आत गेली की बारीक. दुपारी वारा पडतो. कुणीतरी गच्चीत मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्यांचा ठसका जिन्यात उतरतो. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं की या दिवसांत मला शाळा आठवत असेल. मला आठवते तारा. आणि तारा आठवली की छातीच्या जरा खाली काहीतरी चुरचुरायला लागतं. वर्गात मी त्याला असूया म्हणत असे. घरच्या भाषेत त्याला जळणं म्हणतात.

आम्ही दोघी एकाच वर्षी मॅट्रिकला होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई पेटली होती ते वर्ष. आमचं बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. वडील, म्हणजे नाना, फोर्टमधल्या एका कचेरीत हेडक्लार्क. शेजारच्या खोलीत एक परबबाई राहायच्या. त्यांची भाची म्हणून तारा आली ती दिवाळीनंतर. तिचे वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते. गिरणीच्या शेठजींनी मारवाडातल्या आपल्या गावी छोटासा कारखाना काढला, तेव्हा माग बसवायला यांना नेलं. बरोबर बायको आणि मुलगी. तीन वर्षं तारा त्या वाळवंटातल्या गावात राहिली, हिंदीत शिकली, आणि मॅट्रिकला मुंबईचाच दाखला हवा म्हणून आईने तिला आत्याकडे धाडून दिलं.

ती आली तीच वेगळी. चपला पायात घालण्याआधी उलट्या करून झटकायची, विंचवासाठी. पाणी पिताना भांडं ओठाला लावायची नाही, वरून धार धरायची आणि एक थेंबही सांडायचा नाही. तांदळाचं धुवण तिने मोरीत ओतलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे सकाळी नळ आला की बायका बादल्यांवरून भांडायच्या, तेव्हा ती कठड्याला टेकून नुसती नळाच्या धारेकडे बघत उभी राहायची. परबबाई आतून हाक मारायच्या, "तारा, खंय गेलंस गो?" तर ही म्हणायची, "पाणी बघतंय."

मला तेव्हाच तिचा हेवा वाटायला लागला. माझी मजल कर्जतपर्यंत गेलेली, तीही मामाच्या लग्नाला. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. होतं ते एवढंच, की शाळेत निबंध माझा पहिला यायचा. आमच्या बाई तो वर्गात वाचून दाखवायच्या. घरी आणला की नाना तांबडी पेन्सिल घेऊन बसायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे. एक चूक निघाली तरी वही मिटून म्हणायचे, "अजून लक्ष नाही तुझं." सातवीपासून मी एकच धडपड करत होते, की तांबडी रेघ नसलेली वही नानांच्या हातून परत यावी. तशी एकदा आली. त्यांनी ती काही न बोलता माझ्या हातात दिली आणि वर्तमानपत्र उघडलं.

जानेवारीत कर्फ्यू लागला. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना गिरगाव शांत कसं असेल याची कल्पना यायची नाही. ट्रामची घंटा नाही, भाजीवाला नाही, दाराबाहेर चपलांचा सडा नाही. मग एकदम कुठून तरी "झालाच पाहिजे" अशी गर्जना यायची, धावण्याचे आवाज, आणि पाठोपाठ अश्रुधुराचा तो डोळ्यांत मिरची गेल्यासारखा जाळ. गॅलरीत प्रत्येक दारासमोर पाण्याने भरलेली बादली आणि ओलं गोणपाट ठेवलेलं असायचं. नळकांडं येऊन पडलं की त्यावर टाकायला. मुलांना घरात कोंडून ठेवणं हे बायकांचं मोठं काम झालं होतं.

अशाच एका दुपारी, खिडक्या लावून घेतलेल्या, आमच्या खोलीत सात-आठ पोरं रडकुंडीला आलेली, आणि ताराने गोष्ट सुरू केली. अभ्यासाची वही मांडीवर तशीच होती. ती पोरांना म्हणाली, "ऐका, एका गावात एक उंट एकटाच परत आला."

पोरं गप्प झाली.

त्या गावाला ती खारासर म्हणायची. साठेक घरं, एक गोड्या पाण्याची विहीर, एक खाऱ्या पाण्याची, एक पोस्ट आणि एक हवालदार. आठवड्यातून एकदा नथू नावाचा हरकारा उंटावरून टपाल घेऊन यायचा. एका संध्याकाळी उंट आला, त्यावर टपालाची थैली होती, थैलीचं सील फुटलेलं होतं, आणि नथू नव्हता. थैलीतली सगळी पत्रं होती. फक्त एक कमी होतं. गावात जीवण नावाचा एक म्हातारा खोजी होता. खोजी म्हणजे वाळूवरची पावलं वाचून माणूस ओळखणारा. चोर कुठल्या पायाने लंगडतो, बाईच्या डोक्यावर घडा भरलेला होता की रिकामा, हे तो वाळू बघून सांगायचा. पण वारा सुटला की सगळं पुसलं जातं. म्हणून वारा सुटायच्या आत जीवणला जे काय ते वाचायचं होतं.

ताराला शब्द शोधावे लागत नसत. मराठीत अडली तर मालवणीत बोलायची, तिथेही अडली तर मारवाडी शब्द घालायची, आणि तो शब्द आम्हाला आपोआप समजायचा. ती म्हणायची, "ऊन असं, की बोललं तर जीभ भाजते, म्हणून माणसं खुणा करतात." ती म्हणायची, "विहिरीत बघितलं तर पाणी दिसत नाही, आपण किती खोल बघतोय ते दिसतं." पहिल्या दिवशी पोरं होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया आल्या. तिसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतले पेन्शनर काका खुर्ची घेऊन आले.

चौथ्या दिवशी नाना आले. कचेरी बंद होती. ते दाराच्या उंबऱ्यावर बसले, आम्हा पोरांसारखे, गुडघे पोटाशी घेऊन. त्या दिवशी जीवण गावच्या जमीनदाराच्या, ठाकुराच्या, वाड्यामागे एका पायात जोडा नसलेली पावलं शोधतो, इथपर्यंत गोष्ट आली आणि तारा म्हणाली, "आजच्यापुरतं एवढंच."

नाना म्हणाले, "पुढे काय झालं?"

"उद्या सांगते, नाना."

"थोडं तरी सांग. तो जोडा कुणाचा?"

मी स्टोव्हपाशी चहाची भांडी विसळत होते. माझा हात थांबला. नानांनी मला आजवर कधीही पुढे काय झालं असं विचारलं नव्हतं. माझ्या निबंधांना पुढे असं काही नसायचंच. पहाट व्हायची, पक्षी किलबिलायचे, आणि शेवटी निसर्ग हाच आपला गुरू ठरायचा. ताराच्या तोंडात ऱ्हस्व-दीर्घ नव्हते, तांबडी पेन्सिल चालवायला जागा नव्हती, आणि नाना उंबऱ्यावर बसून तिच्याकडे असे बघत होते, जसं त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी चार वर्षं शुद्धलेखन घटवत होते. मी भांडी जरा जोरात आपटली. आई म्हणाली, "हळू गं."

त्याच आठवड्यात समोरच्या चाळीतला वामन गेला. एकवीस वर्षांचा होता, नुकताच गिरणीत लागलेला. मोर्च्यात होता असं कुणी म्हणालं, दूध आणायला उतरला होता असं कुणी म्हणालं. गोळी लागली ती खरी. त्याची आई गॅलरीत येऊन उभी राहिली आणि बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. दोन दिवस आमच्या मजल्यावर कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. गोष्टही थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी वामनची आजी आमच्याकडे आली, भिंतीला टेकून बसली आणि ताराला म्हणाली, "पोरी, तो हरकारा सापडला का? सांग बाई. घरात बसवत नाही."

तारा घाबरली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती आजीच्या जवळ जाऊन बसली आणि अगदी हलक्या आवाजात सांगायला लागली. नथूचं प्रेत सापडतं तो भाग त्या दिवशी यायचा होता. ताराने तो आणला नाही. तिने जीवणला एक दिवस आणखी चालवलं, वाटेत एका धनगराच्या पालावर मुक्काम करायला लावला, ताक पाजलं. आजी ऐकता ऐकता झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली, असं तिच्या सुनेने नंतर सांगितलं.

शहरात माणसं मरत होती, शेजारणीचा मुलगा गेला होता, आणि त्या खोलीत बसून माझ्या मनात काय चाललं होतं, तर हे मला का नाही सुचत. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही हात जड होतो. पण तेच चाललं होतं. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवं असणं, इथवर ठीक असतं. मला ताराची गोष्ट नको होती. ती तिच्याकडेही असू नये असं मला वाटत होतं.

कर्फ्यू उठल्यावर एका सकाळी आम्ही दोघी चौपाटीवर गेलो. मला खोजीची विद्या शिकायची होती. समुद्रालगतची ओली वाळू बघून तारा हसली. "ही वाळू नव्हे, चिखल आहे," ती म्हणाली. तरी तिने दाखवलं. हा माणूस डाव्या पायावर भार टाकतो. ही बाई घाईत होती, टाच टेकलीच नाही. हा कुत्रा आणि हा पोरगा एकाच वेळी गेले नाहीत, कुत्रा मागाहून गेला, कारण त्याचा पंजा पोराच्या पावलावर आहे. मी विचारलं, "आणि माझं?" तिने माझ्या पावलांकडे पाहिलं. "तू सारखी वळून बघतेस," ती म्हणाली. "कोण येतंय मागून?"

फेब्रुवारीत तिने मला सांगितलं की ती गोष्ट लिहून काढते आहे. एका रहस्यकथांच्या मासिकाने नव्या लेखकांसाठी स्पर्धा जाहीर केली होती. गोष्ट परबबाईंच्या पुतण्याने आणून दिलेल्या जाड वहीत, पेन्सिलीने लिहिलेली. "वसू, माझं शुद्धलेखन म्हणजे आनंद आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं हिंदीत गेली. तू पक्की नक्कल करून देशील? चुका काढ. मराठी नीट कर. तुझ्यासारखं."

तुझ्यासारखं, हा शब्द तिने मनापासून वापरला होता.

मी पंधरा दिवस घेतले. पहिली दोन पानं खरोखर चुकाच काढल्या. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं: ऊन टाळक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं. मी ते वाचलं, पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्याले. मग परत बसून लिहिलं: मध्यान्हीचा प्रखर भास्कर आपल्या सहस्र करांनी धरित्रीला दग्ध करीत होता. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. त्यानंतर मी थांबले नाही. नथू जिथे "पाणी हाय का" म्हणायचा तिथे मी त्याला "जल मिळेल काय" म्हणायला लावलं. जीवणचं तुटक बोलणं सलग केलं. खाणाखुणा करणारी माणसं मी संवाद बोलणारी केली. विहिरीचं वाक्य काढून टाकलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक सुविचार घातला. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक राहू दिली नाही. अजाणतेपणी केलं असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावलं. सतरा वर्षांच्या मुलीला काय कळतं, तिला पुस्तकी मराठीच चांगलं वाटणार. पण मला कळत होतं. प्रत्येक ओळ मारताना ती जिवंत आहे हे मला कळत होतं, आणि जी जास्त जिवंत ती मी आधी मारत होते.

दोन्ही वह्या मी ताराला दिल्या. ती माझं वळणदार अक्षर बघत राहिली. "किती सुंदर दिसतंय गं," ती म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हस्तलिखित साभार परत आलं. सोबत चिठ्ठी होती, की भाषा प्रौढ आहे, मात्र कथेत प्राण नाही. ताराने ती चिठ्ठी मला दाखवली. मी म्हणाले, "हे संपादक असेच असतात." नानांना कळलं तेव्हा ते हळहळले. "पोरीने सांगितली तेव्हा काय रंगली होती," असं पुटपुटत ते आत गेले. मला आनंद झाला. झाला तो झाला. आठवडाभर टिकला, पेपर उत्तम गेले. तारा कशीबशी पास झाली आणि लालबागला आपल्या काकांकडे राहायला गेली. दोन वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं, नवरा गिरणीत. राज्य झालं तेव्हा गिरगावात पेढे वाटले, रात्रभर रोषणाई होती, आणि त्या गर्दीत मी तिला शोधलं नाही.

मी शिक्षिका झाले. माझ्या वर्गातून चांगल्या गुणांची मुलं निघाली, असं लोक म्हणतात. एखादा मुलगा निबंधात लिहायचा की आजोबा गेले त्या दिवशी घरातल्या सगळ्या पिशव्या खुंटीला तशाच होत्या. मी त्या वाक्यापाशी थांबायचे. हात तांबड्या पेनाकडे जायचा. मी ते बंद करून त्या वाक्याखाली काहीच न करता पुढे जायचे. शाबासकीही द्यायचे नाही. शाबासकी दिली असती तर स्वतःला भलं म्हणवून घेता आलं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. एवढंच मला जमलं.

मग टीव्ही आला, काही वर्षांनी रंगीत झाला. आमच्याकडे इमारतीत पहिल्यांदा रंगीत सेट आला, म्हणून रविवारी शेजारी जमायचे. अशाच एका रविवारी संध्याकाळी, तीही मार्चातलीच, मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. हिंदी टेलिफिल्म होती. माझी मुलगी म्हणाली, "आई, बघ ना, खून आहे." मी मान वर केली. पडद्यावर नुसती वाळू होती. फार वेळ काहीच घडलं नाही. मग लांबून एक उंट आला. पाठीवर थैली होती. माणूस नव्हता.

माझ्या मांडीवरून गठ्ठा घसरला. श्रेयनामावली सरकत होती. कथा आणि पटकथा यांच्यापुढे तिचं नाव होतं, आडनाव माहेरचंच.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की ती कामगारांच्या नाट्यस्पर्धांसाठी एकांकिका लिहायची, त्यातून रेडिओवर गेली, रेडिओवरून इथे. त्या संध्याकाळी मला हे काही माहीत नव्हतं. मी बघत होते. तेच गाव, साठ घरं, दोन विहिरी. जीवण खोजीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाचा चेहरा वाळलेल्या चामड्यासारखा होता. माणसं खुणा करत होती. आमच्या खोलीतले शेजारी, ज्यांना दोन मिनिटं गप्प बसता येत नाही, ते गप्प होते. मला त्यांचाही राग आला.

अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की गोष्ट बदलली आहे. चाळीत सांगितली त्यात खून करणारा ठाकुराचा मेहुणा होता, दांडगा, एक जोडा हरवलेला. इथे ठाकूर होता, पण मेहुणा नव्हता. त्याच्या जागी पोस्टमास्तरची बहीण होती. गावात लिहिता-वाचता येणारी एकटी बाई. सासरी आलेल्या मुली तिच्याकडून माहेरी पत्रं लिहवून घ्यायच्या. मुलगी सांगायची, मला मारतात, न्यायला या. ही सुंदर अक्षरात लिहायची, मी सुखात आहे. का, तर तिच्या सासरच्या दिवसांत तिला कुणी कधी न्यायला आलं नव्हतं. एका मुलीला माहेरून उत्तर आलं, तू सुखात आहेस हे वाचून बरं वाटलं, तेव्हा नथूने ते वाटेत दुसऱ्या गावातल्या मास्तरकडून वाचून घेतलं; तिला मारतात हे त्याने पाहिलेलं होतं, त्याला सगळं समजलं. तो बोलणार होता. तिने त्याच्या पाण्याच्या पिशवीत खाऱ्या विहिरीचं पाणी भरून दिलं. हसतमुखाने दिलं. पुढच्या गोड्या विहिरीपर्यंत दोन दिवसांची वाट होती.

आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "किती थंड बाई आहे." माझा नवरा म्हणाला, "नटी कोण आहे? छान करते." ती बाई मान कशी वाकडी करून लिहायची, लिहून झाल्यावर कागद लांब धरून अक्षर कसं बघायची, हे मी आरशात पाहिलेलं होतं.

शेवटी जीवण तिच्या दाराशी येतो. वाऱ्याने सगळी पावलं पुसलेली असतात, त्याच्याकडे काहीही पुरावा नसतो. दिवसभर चाललेला म्हातारा तिच्याकडे नुसतं प्यायला पाणी मागतो. ती भांडं भरून आणते, त्याच्या हातात देते, आणि तो तोंडाला लावणार तेवढ्यात म्हणते, "नथूची पिशवी मी भरली होती." तिथे संपतं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी लालबागला गेले. पत्ता मिळवायला चार दिवस लागले होते. दादरहून निघताना बोलायचं वाक्य ठरवलं होतं, आणि ते मी बसमध्ये, रस्त्यात, चाळीच्या जिन्यात घोकत होते, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीसारखं. खाली मसाला कुटायचे डंक चालू होते, हवेत मिरचीची पूड तरंगत होती. तिच्या दारात पोहोचले तेव्हा मला एकामागून एक शिंका येत होत्या, त्यामुळे इतक्या वर्षांनी भेटल्यावर आमचं पहिलं बोलणं म्हणजे तिने दिलेला रुमाल.

केस पिकले होते. अंगाने भरली होती. खोलीत एक टेबल, त्यावर कागद, बाहेर गॅलरीत सुना-शेजारणींची गडबड. तिने माझ्यासमोर चहा ठेवला.

"बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं."

"मला वाटलंच तू येशील. नाही आलीस तर आपण होऊन यायचं नाही, असं ठरवलं होतं."

मी म्हणाले, "तारा, ती वही."

"त्या वहीने मला सात वर्षं खाल्ली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू लिहिलेलं वाचलं आणि मला वाटलं, चांगलं मराठी म्हणतात ते हे. आपल्याला हे यायचं नाही. सोडून दिलं. मग इथल्या कामगारांच्या नाटकाची तालीम बघायला गेले. सगळे जण घरात बोलतात तसं बोलत होते आणि बघणारे रडत होते. घरी येऊन दोन्ही वह्या काढल्या. शेजारी शेजारी ठेवून वाचल्या."

"मी लहान होते गं," मी म्हणाले. हे माझं ठरवलेलं वाक्य नव्हतं.

"मीही तेच म्हणाले आधी. लहान होती, तिला वाटलं असेल असंच शोभतं. पण एक पान तू तसंच ठेवलं होतंस. आठवतं? धनगराच्या पालावरचं, ताक पिण्याचं. त्यातला काना-मात्रासुद्धा बदलला नव्हतास. माझ्या चुकांसकट." ती थांबली. "त्या पानावर तुझं धाडस झालं नाही. तेव्हा कळलं की चांगलं काय ते तुला समजत होतं."

मला ते पान आठवत नव्हतं. ती म्हणाली आणि आठवलं. वामनची आजी झोपली ते पान.

खाली डंक ठोकत होते. मी म्हणाले, "मी एवढी वाईट नव्हते गं, त्या बाईइतकी."

"होतीस," तारा म्हणाली. "नुसती तशी ठेवली तर गोष्ट उभी राहीना. लोक तिचा द्वेष करून उठून गेले असते. म्हणून मग मी तिला जरा बरी केली. शेवटी तिच्याकडून वदवलं."

"मी तेच सांगायला आले आहे आज."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला. "पण मला आधीच माहीत असलेलं तू सांगणार. तिचं तसं नव्हतं."

रागावली नव्हती. मला जेवायला थांबवलं, सुनेला हाक मारून बांगडे तळायला सांगितले, नानांची चौकशी केली, ते गेल्याचं ऐकून डोळे पुसले. निघताना ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी ठरवलेलं वाक्य तेवढ्यातही बोलले नाही, कारण ते पोहोचण्यासारखी जागाच आता उरली नव्हती.

खाली आले. रस्त्यात मिरच्यांची पोती उन्हात उघडी ठेवलेली होती. बसस्टॉपपर्यंत चालताना मला वाटलं होतं की ताराचा हेवा आता तरी संपला असेल. तो होताच, जुना, ओळखीचा, त्याची मला सवय आहे. पण त्याच्या शेजारी आता दुसरा येऊन बसला होता. पोस्टमास्तरच्या त्या बहिणीचा. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणाला काही ठाऊक नव्हतं, म्हाताऱ्याच्या हातात पुरावा नव्हता. आणि ती वेळेवर बोलली.